बारा हजार खांबांवरचा समुद्र

पिपरी मेघेच्या आमच्या घरमालकांना एक रॉड आणि एक रीळ निवडायला चार वर्षं लागली. तेवढ्या काळात आमच्या गल्लीत सहा लग्नं लागली, दोन मोडली, त्यातलं एक जोडपं पुन्हा नांदायला लागलं, तरी काकाजींचं "अजून लवचीकपणा पाहून राह्यलो" संपेना. रॉड कशासाठी? तर खाऱ्या पाण्यात पॉपर फेकून मासा धरण्यासाठी. आता वर्ध्यात खारं पाणी म्हणाल तर आमच्याच बोअरवेलचं. त्यात डाळ शिजत नाही, तर मासा कुठून शिजणार, म्हणजे राहणार!

मी भूगोलाचा मास्तर. न पाहिलेल्या गोष्टींबद्दल ठामपणे बोलायचा मला पगार मिळतो. भरती-ओहोटी मी एकोणीस वर्षं शिकवली होती, समुद्र मात्र एकदाही पाहिला नव्हता. खोली बघायला गेलो तेव्हा काकाजींनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मांसाहार चालतो का हेही विचारलं नाही.

"मास्तर, समुद्र इथून किती दूर?"

"सरळ रेषेत सातशे किलोमीटर."

त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले. "म्हणजे बारा हजार खांब. या राहाले."

काकाजी वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. छत्तीस वर्षं खांबावर चढउतार केल्यामुळे जगातलं कुठलंही अंतर ते विजेच्या खांबांत मोजत. किराणा दुकान चार खांबांवर, बोरगाव मेघे साठ खांबांवर, आणि मेहुण्याशी असलेलं नातं "दोन खांब दुरून बरं." दुसरी खोड म्हणजे कुठल्याही नव्या वस्तूला ते आधी उलट्या हातानं शिवत. लाइनमनची सवय. करंट असला तर हात मागे फेकला जातो, मूठ आवळली जात नाही. चहाचा कप असो, नवी गादी असो, पाहुण्यांचं तान्हं बाळ असो, आधी मागच्या बाजूनं बोटं टेकवायची आणि काकूंना विचारायचं, "बंद आहे नं?" काकू सवयीनं "बंद आहे, घ्या" म्हणत. लग्नात हार घालतानाही त्यांनी तसंच केलं होतं, असं काकू सांगतात. मी तिथे नव्हतो, पण मला ते दिसतं.

आता पॉपर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही मक्याचं काहीतरी समजाल. पॉपर म्हणजे वीतभर लांब, रंगवलेला लाकडी नकली मासा. त्याचं तोंड वाटीसारखं खोलगट. तो लांब फेकायचा आणि रॉडला झटका देत ओढायचा, की पाण्यावर 'भडाक' असा आवाज होतो. खालच्या मोठ्या माशाला वाटतं, वर कुणीतरी माजलंय. तो रागानं वर येतो आणि तोंड मारतो. धाम नदीवर काकाजी बोटाएवढा पॉपर फेकून मरळ धरत, आणि धरून सोडून देत. पण एक दिवस त्यांनी मोबाइलवर समुद्रातला कोकर नावाचा मासा पाहिला. कपाळ पुढे आलेला, मांडीएवढा जाड. तो पाणी फोडून बाहेर आला, पॉपर गिळला आणि रॉड धरलेला गोरा माणूस गुडघ्यावर बसला. काकाजींनी तो व्हिडिओ मला इतक्या वेळा दाखवला की त्या गोऱ्या माणसाच्या मोज्याला भोक आहे हे मला पाठ झालं.

"मास्तर, एकदा. फक्त एकदा असा झटका हाताले बसला पाह्यजे. छत्तीस वर्षं झटका चुकवाचा पगार घेतला. आता एक खाऊन पाहू."

यात दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे काकाजींचा उजवा खांदा. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तो हलवून पाहिला आणि सांगितलं, आतली दोरी झिजली आहे, जोरात झटके द्याल तर तुटेल, मग हात डोक्यावर जायचा नाही. दुसरी अडचण काकू. काकू दर रविवारी विहारात पुढे बसून पंचशील म्हणवून घेत, आणि घरातही जीव न घेण्याच्या पहिल्या शीलाच्या बाबतीत त्यांचा कडक पहारा होता. ढेकूण त्या कागदावर घेऊन कंपाउंडबाहेर नेऊन सोडत. तो परत यायच्या आत त्या परत येत, एवढाच फरक.

"अजी, जा," काकू म्हणाल्या. "मी काई आडवी येत नाई. पण थो मासा जिता गेला पाह्यजे. दमवून दमवून मारला आन् मंग पाण्यात ढकलला, असं नाई चालत. मेला तं तुमी तिकडच राहा."

"अवं, सोडून देतो म्हटलं नं!"

"मरळीचं सांगू नका. थे डबक्यातली. एवढा मोठा जीव अर्धा तास ओढसान तं जगते का थो?"

काकू मासेमारीतलं काहीही न जाणता नेमकं बोलल्या होत्या. आणि रॉड निवडण्याचा सगळा गुंता इथेच होता. हलका रॉड घेतला तर खांदा वाचतो, दिवसभर फेकता येतं, पण मोठा मासा ओढायला वेळ लागतो आणि तो दमून मरतो. जड रॉड घेतला तर मासा पाच-सात मिनिटांत बोटीशी येतो, ताजातवाना परत जातो, पण खांद्यातली ती झिजलेली दोरी मात्र गेलीच म्हणायची. मासा की खांदा, असा तो सवाल होता. चार वर्षं त्यावर विचार चालला, म्हणजे तसा उशीर झाला असं मी म्हणणार नाही.

पार्सलनं रॉड येऊ लागले. दहा दिवसांत परत करायची सोय होती, आणि काकाजींनी त्या सोयीचं सोनं केलं. पार्सलवाला आमच्या फाटकाशी आला की हॉर्न वाजवत नसे, सुस्कारा टाकत असे. रॉड आला की आधी उलटा हात. मग त्याच्या कड्या. दोरी ज्यातून जाते त्या एकेका कडीत काकू कान पुसायचा कापूस फिरवून बघत. एक धागा जरी अडकला तर कडी खरखरीत, रॉड परत. मग रॉड गच्चीच्या कठड्यावरून खाली धरायचा आणि दोरीला पाण्याची बादली बांधायची. टोक वाकलं पाहिजे, मधला भाग वाकून परत आला पाहिजे, आणि बुडखा अजिबात हलता कामा नये. "खांब असाच असते, मास्तर. वर डोलला तं चालते, जमिनीजवळ डोलला तं पळाचं."

रिळाची परीक्षा त्याहून कडक. खारं पाणी रिळाच्या पोटात शिरलं की आतल्या चाकांचे दात गंजतात. म्हणून काकाजींनी एक रीळ काकूंच्या लोणच्याच्या बरणीत बुडवून ठेवलं. कैरीच्या खारात, आठ दिवस. त्या आठ दिवसांत आम्ही तीन वेळा लोणचं वाढून घेतलं. चव, खरं सांगतो, सुधारली होती. नवव्या दिवशी काकाजींनी रीळ धुऊन कानाशी धरलं आणि फिरवलं. आतून मोहरी वाजली. नापास. दुसरं रीळ मात्र पंधरा दिवस खारात राहून निघालं, तेव्हा लोण्यासारखं फिरलं. काकूंनी बरणी उन्हात घातली आणि दोन दिवस आमच्यापैकी कुणाशीही बोलल्या नाहीत.

मग ती चूक झाली. ती जगात फक्त एका लाइनमनकडूनच होऊ शकते.

रिळावर तीनशे मीटर विणलेली दोरी गुंडाळायची होती. ती ताणून, करकचून गुंडाळावी लागते. काकाजींनी अत्यंत प्रेमानं, हलक्या हातानं, ढिली गुंडाळली. मी म्हटलं, "काकाजी, व्हिडिओत तर तो माणूस दात ओठ खाऊन ओढतो."

"थ्याले काय कळते! तार कधी ताणून बांधत नाई. उन्हात वाढते, थंडीत आकसते. झोळ ठेवला नाई तं तुटते. मी हिंगणघाटच्या लाइनवर झोळ ठेवला, थो आजपावतर तसाच आहे."

आम्ही कॉलनीच्या रिकाम्या मैदानात गेलो. काकाजींनी शंभर ग्रॅमचा लाल पॉपर लावला, मागे पाहिलं, "बंद आहे का?" असं हवेला तीनदा विचारलं आणि फेकला. पॉपर सुटला. वीस मीटरवर रिळातून ढिली वेटोळी एकदम घोळक्यानं बाहेर आली, पहिल्या कडीत गुच्छा अडकला, बंदुकीसारखा आवाज झाला, दोरी तुटली आणि पॉपर एकटाच पुढे गेला. वर गेला. डौलात वळला. आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या तारेला शेपटीसारखी उरलेली दोरी गुंडाळून लटकला.

काकाजींचा चेहरा मी विसरणार नाही. लोक काय काय तारेवर टाकतात, पतंग, चपला, सायकलचं टायर, आणि त्यांना छत्तीस वर्षं शिव्या घातलेला हा माणूस. नवा लाइनमन त्यांचाच शिकाऊ होता. तो लाइन बंद करून शिडी घेऊन आला, वर चढला, पॉपर काढला आणि वरूनच ओरडला, "काकाजी, हा कोण्या जातीचा पक्षी म्हणावा?"

"गुपचूप उतर बे."

"नाई, रजिस्टरात काय लिहू? लाल होता, डोळे उघडे होते."

त्या दिवशी संध्याकाळी काकाजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारली. "मास्तर, तारेले झोळ पाह्यजे, दोरीले नाई. छत्तीस वर्षं शिकलो थे आता विसरा लागते. चला, तुमी मासा व्हा."

मी मासा झालो. दोरीचं टोक माझ्या कमरेला, मी गल्लीभर उलटा चालतोय, काकाजी फाटकात बसून गुंडाळतायत, आणि मी जोर लावून मागे रेलतोय. रेलून रेलून मी पाच खांब गेलो आणि तसाच ओढत परत आणला गेलो. भाजीवाली म्हणाली, "मास्तरले बांधून काऊन ठेवलं जी? भाडं थकलं का?"

शेवटी दोन रॉड उरले. एक हलका, एक जड. निकाल लावायला आम्ही माझी मोटरसायकल घेतली. दोरी मागच्या कॅरिअरला बांधली. रिळाचा ब्रेक किराण्याच्या लटकत्या काट्यावर ओढून बारा किलोला लावला. काकाजींनी दोन्ही पाय कंपाउंडच्या भिंतीला टेकवले आणि म्हणाले, "पळा." हलक्या रॉडवर मी तीन खांब पळालो. रीळ किंचाळत होतं, रॉड कमानीसारखा गोल झाला होता, आणि मला थांबवायला त्यांना घड्याळी अकरा मिनिटं लागली. मग जड रॉड. अर्धाच खांब गेलो असेन, गाडीचं पुढचं चाक उचललं गेलं, असं मी म्हणतो, काकू म्हणतात गाडी फक्त बंद पडली. मी मात्र शेजारच्यांच्या मुगाच्या पापडांत जाऊन पडलो हे सर्वमान्य आहे. वेळ चार मिनिटं.

काकाजी भिंतीशी तसेच बसून होते. उजवा खांदा डाव्या हातानं धरलेला, कपाळावर घाम. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि उभ्या राहिल्या.

"कोणता?" काकूंनी विचारलं.

"जड."

"खांद्याचं काय?"

"खांदा माहा आहे. मासा माहा नाई."

संध्याकाळी काकू कानस घेऊन ओट्यावर बसल्या आणि प्रत्येक पॉपरच्या हुकावरचा उलटा काटा स्वतःच्या हातानं घासून गुळगुळीत केला. म्हणजे काढताना माशाला लागायचं नाही.

डिसेंबरात आम्ही कोकणात पोचलो. पहाटेच्या उजेडात समोर समुद्र. काकाजींनी चप्पल काढली, वाकले, आणि उलटा हात लाटेला लावला. लाट आली, मनगटापर्यंत भिजवून गेली.

"मास्तर, हे तं चालूच आहे," ते माझ्याकडे बघून कुजबुजले. "ह्याले बंद करणारा कोनी नाई का?"

एकोणीस वर्षं भरती-ओहोटी शिकवलेला मी. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदा झालं, आणि माझे विद्यार्थी यावर विश्वास ठेवणार नाहीत.

बोटवाल्यानं विचारलं, "खयसून इलास?"

"वर्धा."

"थंय समुद्र आसा?"

"बारा हजार खांबांवर आहे," काकाजी म्हणाले. त्यानं इंजिन चालू केलं.

खडकाच्या एका रांगेशी पाणी पांढरं फुटत होतं. तिथे काकाजी उभे राहिले. पहिली फेक एक खांब गेली, बरोब्बर. भडाक, भडाक, भडाक. काही नाही. दुसरी, तिसरी. प्रत्येक फेकीला खांद्यातून कट् असा बारीक आवाज येत होता, तो मला इंजिन बंद असल्यामुळे ऐकू येई. दहाव्या फेकीनंतर ते पॉपर सोडून क्षितिजाकडे बघू लागले. तेराव्या फेकीला पॉपरच्या मागे पाणी फुगलं, काळी सावली वर आली, वळली आणि गेली. बोटवाला उभाच राहिला. "कोकर! मोठो हा!" चौदावी. पंधरावी. सोळाव्या फेकीला हात वर गेलाच नाही. रॉड कानापर्यंत आला आणि तिथून खाली घसरला.

"झालं," काकाजी म्हणाले. एवढंच.

मी म्हटलं, "मी फेकतो. ओढा तुम्ही. डाव्या बगलेत धरा."

"तुमी? कधी फेकलं?"

"खडू फेकलाय. एकोणीस वर्षं."

मी सगळा जोर लावून फेकला. तुम्हाला वाटेल आता मी दोन खांब फेकला असं सांगेन. नाही. पॉपर बोटीपासून पंधरा फुटांवर पडला, चपलेसारखा. बोटवाल्यानं तोंड फिरवलं. काकाजींनी रॉड डाव्या बगलेत घेतला, सवयीनं एक झटका दिला. भडाक. आणि तिथलं पाणी उघडलं.

मला कपाळ दिसलं. डोळा दिसला, बशीएवढा. मग रीळ किंचाळलं. काकाजी बोटीच्या काठावर आदळले, आणि मी त्यांचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. मासा खडकाकडे निघाला. खडकाला दोरी घासली की संपलं. हलका रॉड असता तर तो गेलाच असता. हा रॉड वाकला, बुडखा जागचा हलला नाही, आणि माशाचं तोंड फिरलं. मग तो एकदम आमच्याच दिशेनं आला. दोरी सैल पडली. काकाजींचे हात क्षणभर थांबले. छत्तीस वर्षं ज्या झोळावर प्रेम केलं तो समोर पाण्यावर तरंगत होता.

"काकाजी, झोळ!" मी ओरडलो.

"दिसते मले!" असं ओरडून त्यांनी रीळ असं फिरवलं की हात दिसेना. दोरी पुन्हा ताठ. ते हसत होते, शिव्या देत होते, "आला रे आला, झटका आला" असं म्हणत होते, आणि उजव्या खांद्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. ते थांबले नाहीत. पाच मिनिटं. माझ्या घड्याळात, पाच.

मासा बोटीशी आला. मी आयुष्यात सांगितलेल्या सगळ्या आकड्यांना दोननं भागा, हरकत नाही, पण या एकाला भागू नका. अठरा किलो. बोटवाल्यानं मासा टोचून ओढायची आकडी उचलली तशी काकाजी गरजले, "हात लावजो नको!" हूक एका बोटानं निघाला. काकाजींनी डाव्या हातानं शेपटी धरली आणि तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात धरलं. मासा आडवा झाला. पोट वर. कल्ले हलेनात.

"अबे हल," काकाजी म्हणाले. "हल लेका. मले घरी जाचं आहे."

बोट डुलत होती. मी श्वास धरला, बोटवाल्यानंही धरला. काकाजी त्याला पुढेमागे करत होते, हळूहळू, पाळण्यातल्यासारखं. एकदा कल्ला उघडला. बंद झाला. मग पुन्हा. मग शेपटीनं असा एक तडाखा दिला की आम्ही तिघंही नखशिखांत भिजलो, आणि पाण्यात हिरव्याशिवाय काही उरलं नाही. फोटो? फोटो काढायला हात मोकळे कुणाचे होते?

पिपरीला आलो तेव्हा काकाजींचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. काकू फाटकात उभ्या. त्यांनी हाताकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळल्या, कारण मी एकटाच साक्षीदार आणि माझी ख्याती त्यांना ठाऊक.

"मास्तर, आई-बापाची शपथ घेऊन सांगा. जिता गेला?"

"गेला काकू. आम्हाला आंघोळ घालून गेला."

काकूंनी डोळे मिटून घेतले. मग काकाजींना ओट्यावर बसवलं, चहा आणला, कप स्वतः त्यांच्या तोंडाशी धरला. काकाजींनी एक घोट घेतला आणि सांगायला सुरुवात केली, सावली कशी आली, कपाळ कसं होतं, रॉड कसा उभा राहिला. काकू ऐकत होत्या. चहा निवला, त्या तशाच कप धरून ऐकत होत्या. खडकाचं आलं तेव्हा त्यांनी पदर तोंडात धरला. शेपटीचा तडाखा आला तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या.

डॉक्टरनं आधी सांगितलं होतं तेच घडलं होतं. दोरी पूर्ण तुटलेली, वय झालेलं, हा हात आता छातीच्या वर जाणार नाही. घरी येऊन काकाजींनी जड रॉड भिंतीला टेकवला आणि म्हणाले, "चला, झालं आपलं. पार्सलवाल्याले फोन करून विचारा मास्तर, जुना घेते का कोणी."

काकू आतून पीठ मळलेल्या हातानं बाहेर आल्या. त्यांनी रॉड उचलला, काकाजींच्या डाव्या बाजूला नेऊन उभा केला आणि म्हणाल्या,

"अजी, हा खांदा तं अजून कोरा आहे नं?"